आधी जागल्याला विचार

माय, डिसेंबरात लेकराला घेऊन येतेस हे ऐकून तुझ्या मामीने कोठीतला गूळ आत्ताच वेगळा काढलाय. फोनवर तू विचारलंस, परभणीकडे लेकराला दाखवण्यासारखी जनावरं-पाखरं आहेत का, का पुन्हा सफारीचंच बुकिंग करावं. सफारीला खुशाल जा, माझी ना नाही. पण पैसे भरले की वाघ दिसलाच पाहिजे असा हिशेब मनात बसतो, आणि गाडीसमोरून आडवं गेलेलं मुंगूस मग कुणी बघत नाही. आपल्याकडे ना गेट, ना जिप्सी, ना तिकीट. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणून आपण कितीही मिरवलं तरी जंगल आपल्या जिल्ह्यात नावालाच. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेची टोकं, दक्षिणेला गंगाखेड-पालमकडे बालाघाट, आणि मधे गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या काठची काळीभोर जमीन. म्हणजे इथलं जनावर राहतं ते कुणाच्या तरी वावरात. एवढं ध्यानात घेतलंस की बाकीचं सोपं.

म्हणून पहिलं सांगणं हे : जनावर शोधत फिरू नको. त्या जनावराने ज्याची झोप उडवलीय तो माणूस शोध.

माझी सगळी नोकरी ढोरांच्या दवाखान्यात गेली, तुला माहीतच आहे. अडलेली गाय काही ऑफिसची वेळ बघून अडत नाही. रात्री-अपरात्री कुणीतरी दारात यायचं आणि त्याच्या मागे बसून पाणंदीने वावरातला आखाडा गाठायचा. कोल्हा, खोकड, तरस, रोही, जे काही मी पाहिलं ते असं कामाच्या वाटेवर पाहिलं. आणि कुठे बघायचं हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही, जागलीवरच्या सालगड्यांनी सांगितलं. रात्रभर बॅटरी घेऊन वावराच्या धुऱ्यावर बसणारा माणूस कुठल्या अंगाने किती जनावर येतं, कधी येतं आणि कुठल्या वाटेने परत जातं हे अचूक सांगतो. तसाच कालव्यावरचा पाटकरी. पैठणचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो, पूर्णेचे कालवे वेगळेच. उन्हाळ्यात जिथे चारीचं पाणी पाझरून डबकं साचतं तिथे कोण कोण पाण्यावर येतं हे त्याला ठाऊक असतं. सकाळच्या पहिल्या फेरीच्या एसटीचा ड्रायव्हर, मेंढरं घेऊन फिरणारे धनगर, येलदरीवर मासे धरणारे, हे आपले गाईड. फक्त त्यांना कुणी गाईड म्हणत नाही आणि त्यांनाही तसं वाटत नाही.

आता प्रश्न कसा विचारायचा तेही नीट ऐक. ‘इथे हरणं कुठे दिसतात हो?’ असं पुण्याच्या सुरात विचारलंस तर ‘हायेत ना, लई हायेत’ एवढंच उत्तर येईल आणि हात चारी दिशांना फिरेल. त्याऐवजी विचार, ‘औंदा हरभरा किती खाल्ला हरणांनी?’ बस. माणूस खाली बसतो, तंबाखू मळायला घेतो, आणि मग सगळं येतं. कुणाचं वावर, कळप केवढा, त्यात काळे किती, पहाटे कुठून उतरतात आणि ऊन चढल्यावर कुठल्या पडीत जाऊन बसतात. ते ऐकताना मधेच ‘अय्या, किती गोड’ म्हणायचं नाही. तुला जे गोड वाटतं त्याने त्याची कोवळी घाटी खाल्लेली असतात. वनखातं नुकसानभरपाई देतं, पण अर्ज, पंचनामा, खेटे हे सगळं आलंच. जावईबापूंना आधीच सांगून ठेव की हरीण वाचवण्यावर आखाड्यावर भाषण नको. काळवीट १९७२ च्या कायद्याने पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात लावला तर काय होतं हे शेतकऱ्याला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तरी तो सोसतो.

हरणांसाठी डिसेंबर-जानेवारी चांगला. तूर अजून उभी असते, ज्वारी डोक्याएवढी झालेली असते, त्यात काही दिसत नाही. पण हरभरा गुडघ्याच्याही खाली. त्यामुळे हरभऱ्याच्या पट्ट्यात उतरलेला कळप लांबूनही लख्ख दिसतो. दिवस उगवायच्या आधी आखाड्यावर पोहोचायचं. परभणीची थंडी हसण्यावारी नेऊ नको. कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो, आणि उघड्या माळावर वारा त्याच्यावर कडी करतो. लेकराला कानटोपी घाल. पण ती चरचरीत प्लास्टिकची जाकिटं नको, हात हलवला की आवाज होतो.

कळप दिसला की सगळे आधी हरणींकडे बघतात. तू एकटा उभा असलेला काळा नर शोध. पाठ काळी, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं आणि पिळाची शिंगं. असा नर आपला तुकडा धरून असतो. आज जिथे आहे तिथेच तो उद्याही भेटेल, परवाही भेटेल. त्याच्या तुकड्यात लेंड्यांचा एक ढीग असतो. तो रोज तिथेच येऊन टाकतो, तिथेच बसतो, बाकीच्या नरांना तो निरोप असतो. ऊन तापल्यावर कळप लांब गेला आणि वावराचा मालक बरोबर असला, तर त्या ढिगाजवळ जाऊन आसपासच्या काडीकुडीची टोकं नीट बघ. एखाद्या बाभळीच्या काटकीवर किंवा वाळल्या गवताच्या शेंड्यावर काळपट, चिकट असा थेंब दिसेल. नराच्या डोळ्याखाली एक खाच असते, ती तो अलगद त्या टोकावर टेकवतो आणि आपला वास ठेवून जातो. डोळ्याच्या इतक्या जवळ काटा घेताना तो जराही चुकत नाही. लेकराला हे दाखव. पळणारं हरीण सगळेच दाखवतात.

लेकराला एक कामही दे. ‘शिंगवाले किती ते मोज’ म्हण. लेकरं मोजायला लागली की ओरडत नाहीत.

जवळ जायचं असेल तर लपतछपत, वाकून जायचं नाही. हरणांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकारी असाच बघितलाय. ताठ, उघडं, आपल्या कामाला निघाल्यासारखं चालायचं, थेट त्यांच्या रोखाने नाही, तिरकं. थांबायचं, इकडे-तिकडे बघायचं, पुन्हा दोन पावलं. सगळ्यात उत्तम बैलगाडी. वैरण आणायला निघालेल्या गाडीत बसलीस तर हरणं मान वर करून बघतात आणि पुन्हा खायला लागतात, कारण गाडी त्यांच्या रोजच्या बघण्यातली. चारचाकीलाही ती फार बिचकत नाहीत, पण दार उघडून पाय खाली ठेवला की कळप उधळला म्हणून समज. कळपाच्या दोन भागांच्या मधे गाडी घालायची नाही. पिलं मागे राहतात.

गाडीवरून आठवलं. डांबरी सोडून पाणंदीत गाडी घालण्याआधी पाऊस कधी पडला होता ते विचार. डिसेंबरातही कधी अवकाळी येतो. आपली काळी माती ओली झाली की चाकाला असा काला चिकटतो की चाक फिरायचंच थांबतं, मग ट्रॅक्टर बोलवा, आणि त्यात सकाळ गेली. वाळल्यावरही भेगांमध्ये टाच अडकून पाय मुरगळतो. चपला घालून येऊ नको. आणि वावराच्या कडेने बारीक तार ओढलेली दिसली तर हात लावायचा नाही. सोलरवरचं झटका मशीन असतं, रोही-डुकरांसाठी. माणूस मरत नाही, पण लेकरू घाबरून दिवसभर आखाड्याबाहेर पडणार नाही.

रोह्यांचं थोडक्यात सांगतो. नीलगाय म्हणतात तो हाच. नर निळसर राखी, मादी भुरी. मला विचारशील तर रोही बघण्यापेक्षा रोह्याने धुऱ्यावरचं कुंपण कसं ओलांडलं हे शेतकऱ्याकडून ऐकण्यात जास्त मजा आहे.

लांडग्यासाठी मात्र धीर लागतो, आणि तो दिसेल असा शब्द मी देत नाही. सुगी झाली की मेंढरांचे कळप रिकाम्या वावरात बसवतात. लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरी त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे देतो. जिथे मेंढरं तिथे लांडगा मागे असतोच, दिसो न दिसो. तू वाड्यावर जा, पण दुपारी नको, कळप निघायच्या किंवा परतायच्या वेळेला जा. नजर माळावर फिरवत बसू नको, धनगराच्या कुत्र्याकडे बघ. कुत्रा ज्या दिशेला कान उभे करून थांबतो तिकडे बघायचं. लांडगा पहिल्यांदा गावठी कुत्र्यासारखाच वाटतो, म्हणून लोकांच्या नजरेतून निसटतो. पण तो शेपूट वळवत नाही, खाली सोडून चालतो. पाय लांब, चाल एकसारखी, आणि माणूस दिसला तरी भुंकत नाही. थोडं दूर जातो आणि बसून बघतो. लांडगा तुला बघत बसलाय आणि तू लांडग्याला, असं पाच मिनिटं झालं तर तुझं तिकीट वसूल. थंडीच्या दिवसांत त्यांची पिलं बिळात असतात. ‘पिलं दाखवतो’ म्हणून कुणी बोलावलं तर जायचं नाही. माणसाचा वावर वाढला की मादी पिलं उचलून जागा बदलते, आणि त्या धावपळीत एखादं पिलू जातं. फोटो निघाले तरी गावाचं नाव लिहून टाकू नको. दुसऱ्या दिवशी दुचाक्यांची रांग लागते.

तरस तर मी मुद्दाम कुणाला दाखवायला नेतच नाही. त्याची खूण दाखवतो. जिंतूरच्या डोंगराकडे पायवाटेवर खडूसारखी पांढरी विष्ठा दिसली तर ती तरसाची. हाडं खातो म्हणून वाळल्यावर पांढरी पडते. पूर्वी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची, तरसाला रात्री उरलंसुरलं मिळायचं. मग ढोरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक द्यायला सुरुवात झाली, त्या औषधाचा अंश असलेलं मांस खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी व्हायला लागले, आणि बघता बघता आभाळ रिकामं झालं. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली, त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम आलं. गिधाडं काही आपल्या भागात पहिल्यासारखी परतली नाहीत. लेकराने विचारलं तर सांग हे. जे दिसत नाही तेही सांगावं लागतं.

आता येलदरी. पूर्णेवरचं हे धरण जिंतूर तालुक्यात आहे आणि तिथे जाणारे बहुतेक लोक भिंत आणि दरवाजे बघून, भजी खाऊन परततात. तू भिंतीकडे जाऊ नको, फुगवट्याच्या काठाला जा. पाणी जसजसं मागे सरकतं तसतशी गाळाची जमीन उघडी पडते आणि लोक त्यात गहू-हरभरा पेरतात. याला गाळपेर म्हणतात. लांबून आलेल्या पाखरांची पंगत इथेच बसते. डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे असलेले राखी हंस दिसले तर लेकराला सांग, हे हिमालय ओलांडून आलेत, त्यांची घरटी तिबेट-मंगोलियाकडे. ते रात्री आणि भल्या पहाटे पिकात चरतात आणि दिवसभर पाण्यावर किंवा काठाला डुलक्या काढतात. म्हणून दहा वाजता जाऊन ‘काहीच हलत नाही’ म्हणायचं नाही, दिवस उजाडताना ते पिकातून पाण्याकडे परत येतात तेव्हा काठाला बसून राहायचं. ती वेळ साधली तर दुर्बीण नसली तरी चालतं. आवाज आधी येतो. मान वर करून शोधायला लागेपर्यंत थवा डोक्यावर असतो.

काठाला बसण्याची जागा मासे धरणाऱ्यांना विचार. ती माणसं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. ‘या ताई, बसा’ म्हणतील, माणसं दिलदार आहेत, पण लेकराला घेऊन त्यावर बसायचं नाही. त्यांचं आयुष्य त्या पाण्यावर गेलंय, आपलं नाही. काठावरूनही काय कमी दिसतं? काळा-पांढरा खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगड पडावा तसा सरळ खाली येतो. चार-पाच वेळा हुकतो आणि एकदा साधतो. ते बघता बघता नाश्त्याची वेळ टळून जाते. उघड्या चोचीचा करकोचा मिळाला तर त्याची चोच बघ. मिटली तरी मधे फट राहते, आणि त्या चोचीने तो गोगलगाय शंखातून काढतो. पाण्याजवळ चालताना पायाखाली लक्ष असू दे. टिटवीच्या ओरडण्याचा सूर एकदम चढला की थांब, तिची अंडी किंवा पिलं जवळपास असतात. अंड्यांचे दिवस खरे उन्हाळ्याचे. उघड्या खडीत चार ठिपकेदार अंडी, टोकं आतल्या बाजूला, आणि पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊसपाणी चांगलं, असं आमचे म्हातारे म्हणायचे. मी दरवर्षी बघतो. पाऊस कधी ऐकतो, कधी ऐकत नाही.

हुरड्याला तर तुम्ही येणारच. पण हुरडा खायच्या नादात भोरड्या बघायच्या राहतात. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना मध्य आशियातून येते आणि ज्वारी दुधात आली की वावरावर उतरते. दिवसा शेतकरी गोफण फिरवून, पत्रा वाजवून त्यांना उठवत असतो. संध्याकाळी सगळे थवे रात्रीच्या झाडांकडे निघतात, आधी लहान लहान, मग एकात एक मिसळत, आणि आभाळात एकच मोठा लोळ फिरायला लागतो. हे बघायला गावाबाहेरच्या बाभळीच्या बनाजवळ किंवा तळ्याच्या काठाला दिवस मावळायच्या अर्धा तास आधी उभं राहायचं. आखाड्याच्या मालकाला विचार, त्या कुठे बसतात ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, कारण सकाळी तिथूनच फौज निघते. गोफण फिरवायला जावईबापूंना द्यायला हरकत नाही. फक्त मागे कुणी उभं राहू नये.

जुन्या वास्तू बघायला निघालात तर तिथेही डोळे उघडे ठेवा. चारठाण्याची हेमाडपंती देवळं आणि बारव, सेलू तालुक्यातल्या वालूरची गोल गोल उतरत जाणारी बारव, गावकऱ्यांनी गाळ उपसून साफ केलेल्या या जागा आहेत. बारवेत उतरताना पायऱ्यांकडे सगळे बघतात. तू कोनाडे बघ. पिंगळा दिवसाढवळ्या तिथे बसलेला असतो. वाटीएवढा जीव, पण असा डोळे वटारतो की लेकरू हसतं. त्याच्याकडे टक लावून बघितलं की तो मान खाली-वर करतो, कुणी धमकी देतोय असं वाटतं. एक मात्र सांगून ठेवतो. देवळाच्या छताखाली किंवा कमानीला आग्यामोहोळ लोंबत असेल तर त्या बाजूला जायचंच नाही. अत्तर नको, उदबत्ती नको, फ्लॅश नको, लेकरांचा दगड तर मुळीच नको. मोहोळ उठलं तर गर्दीत थांबायचं नाही, पाण्यात उडी मारायची नाही. डोकं झाकून बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं.

सापाचंही तसंच. थंडीत घोणस कोवळं ऊन खायला कडब्याच्या गंजीजवळ पडून असते, आणि हे तिचे जोडीने फिरायचेही दिवस. कडब्याच्या पेंढ्यांवर लेकराला चढू देऊ नको. कुकरच्या शिट्टीला लाजवेल असा फूत्कार ऐकू आला तर आहे तिथे थांबायचं, आवाज कुठून आला ते बघायचं आणि मग उलट्या पावली मागे यायचं. आणि वाईट वेळ आलीच तर मांत्रिक नाही, चिरा नाही, दोरीने आवळणं नाही. सरळ सरकारी दवाखाना. प्रतिविष तिथेच मिळतं.

वाघाचं तू विचारलंसच म्हणून सांगतो. २०१९ मध्ये टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघालेला एक तरणा वाघ, गळ्यात पट्टा असलेला, पाच-सहा महिने चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. १,३०० किलोमीटरहून जास्त चालला. रस्ते ओलांडले, कालवे ओलांडले, कापसाची वावरं ओलांडली, आणि वाटेतल्या बहुतेक गावांना त्याचा पत्ताही लागला नाही. म्हणजे वाघाला बघायला आपण किती पैसे भरतो आणि वाघ मात्र आपल्या धुऱ्यावरून फुकट निघून जातो. पण त्याच्या आशेने रात्री पाणंदीत बॅटऱ्या मारत फिरू नका. जागल्याला तुम्ही डुक्कर वाटाल, आणि जागल्याला तुम्ही डुक्कर वाटलात तर गोफणीचा दगड आधी येतो, चौकशी नंतर होते.

एक दिवस शहरातच राहा. कृषी विद्यापीठाचा परिसर सकाळी फिरायला उत्तम, मोर चालता चालता दिसतात. १९७२ मध्ये विद्यापीठ निघालं, त्याच वर्षी आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही. ओळखीने आत जाता आलं तर लेकराला तिथली जनावरं दाखवीन.

पण खरं मन माझं आहे ते माळेगावच्या यात्रेत. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात, पालमपासून जवळ. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात खंडोबाची यात्रा भरते आणि बाजार बघावा तो जनावरांचा. घोडे, गाढवं, खेचरं, उंट, बैल, शेळ्या, कुत्री. तुला वाटेल, पाळीव जनावरांत काय बघायचं? अगं, लाल कंधारी आणि देवणी हे आपल्या मातीतले वाण आहेत, वाघाइतकेच बघण्यासारखे. लाल कंधारी गडद तांबडी, आपल्या परभणी-नांदेडच्या उन्हात तग धरणारी. देवणीचे तीन प्रकार : अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, सगळा पांढरा तो बालंक्या, काळे-पांढरे ठिपके असलेला तो शेवरा. लेकराला हे तीन शब्द पाठ करून आण. बाजारात त्याने बैलाकडे बोट दाखवून ‘शेवरा’ म्हटलं की मालक त्याला उचलूनच घेईल. म्हैस बघायची तर मराठवाडी बघ, शिंगं मानेला समांतर, मागे खांद्यापर्यंत गेलेली.

बाजारात वागायची रीत आहे. बैलाच्या मागून जायचं नाही, त्याला आपण दिसतोय अशा बाजूने, खांद्याकडून जायचं आणि आधी मालकाशी बोलायचं. घोड्याचंही तेच, त्याची लाथ तर बैलापेक्षा लांब जाते. मालकाला म्हण, ‘दात दाखवता का?’ तो एका हाताने शिंग धरतो, दुसऱ्याने खालचा ओठ खाली ओढतो. पुढचे दात फक्त खालीच असतात, वर नुसती कडक गादी. दुधाचे दात असतील तर आदत, दोन मोठे आले तर दुसा, चार तर चौसा, सगळे आले की जुळला. त्यावरून वय. लेकराला ते ओलं, खरखरीत, गरम तोंड इतक्या जवळून बघू दे. बैलाच्या श्वासाला चघळलेल्या कडब्याचा वास येतो. सौदा चालू असेल तर मधे बोलायचं नाही. उपरण्याखाली दोघांचे हात गेलेले दिसतील, बोटं दाबून भाव ठरत असतो, आणि बाजूला उभ्या माणसाला तो कळू नये अशी पद्धत आहे. आता मोबाईलवर बोली होतात तरी जुने व्यापारी हात घालतातच. फोटो काढायचे तर विचारून. काहींना जनावराला नजर लागते असं वाटतं, तिथे वाद घालायचा नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी वहीत लिहून ठेव. वानरांना बिस्कीट द्यायचं नाही. आज तू देशील, उद्या ती एखाद्या म्हातारीच्या हातातली पिशवी ओढतील. मेलेलं किंवा मरायला टेकलेलं पाखरू दिसलं तर हात लावायचा नाही, लेकराला तर अजिबात नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या पटापट मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता. गाडीने जाताना जखमी हरीण किंवा रानजनावर दिसलं तर वनखात्याचा नंबर १९२६, गाय-म्हैस असेल तर पशुवैद्यकीय गाडीसाठी १९६२. आकडे तेच, जागा बदललेल्या, म्हणून गोंधळ होतो. रानाला सव्वीस, गोठ्याला बासष्ट. जखमी जनावराला पाणी पाजायला घाई करू नको, गाडी यायच्या आत लोक बाजूला कर, सावली कर आणि त्याच्या डोळ्यांवर फडकं टाक.

ड्रोन आणू नका, दुर्बीण आणा. आखाड्यावर जाताना मोकळ्या हाताने जाऊ नये, पण पैसे पुढे केले तर तो माणूस दुखावतो. चहाची पत्ती, साखर आणि लेकरांसाठी काहीतरी एवढं पुष्कळ.

आणि तिकीट काढायच्या आधी पंचांगात माळेगावची तिथी बघ. ती दरवर्षी पुढे-मागे होते, आणि यात्रेचा घोडेबाजार यात्रा संपायच्या आधीच हलायला लागतो. तारीख ठरली की मला लगेच कळव, बैलगाडी आणि जागल्या दोघांनाही आधी सांगावं लागतं.